ओल्या पानांसाठी घेतलेली काच: सीपीएल फिल्टर, १४ महिन्यांनंतर

भाची पहिल्यांदा माझ्याबरोबर डोंगरावर आली तेव्हाची गोष्ट. कड्याच्या टोकावरून काढलेला फोटो मी तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. मला तो फार आवडला होता. नवा सीपीएल फिल्टर (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी कापणारी काच) पुरता फिरवून आभाळ जितकं गडद होईल तितकं केलं होतं. तिने क्षणभर बघितलं आणि वरच्या कोपऱ्याजवळ बोट ठेवलं. "मावशी, इथेच आभाळ काळं का झालंय?"

तिचं बरोबर होतं. आभाळात शाई सांडल्यासारखा एक गडद पट्टा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळा रंग फिका पडत गेला होता. फिल्टर घेऊन मला तेव्हा तीन आठवडे झाले होते. आज १४ महिने झालेत. या काळात तो ऊन, पाऊस, धुकं, गारठा सगळ्यातून फिरून आलाय, म्हणून आता त्याच्याविषयी लिहायला हरकत नाही.

आधी माझ्याविषयी दोन वाक्यं, कारण त्यांचा इथे संबंध आहे. मी चष्म्याच्या काचा बसवण्याचं काम करते. दिवसभर काचेच्या कडा घासायच्या, कोटिंग तपासायचं, पोलराइज्ड गॉगलची काच फ्रेममध्ये एक अंशही तिरकी बसत नाही ना ते बघायचं. फोटोग्राफी माझी सुट्टीच्या दिवसाची. पहाटे निघायचं, डोंगर चढायचा, संध्याकाळी खाली यायचं. फोटो विकत नाही, स्पर्धेला पाठवत नाही.

फिल्टर ७७ मिमीचा आहे, कारण माझ्या दोन्ही लेन्सना, २४-१०५ आणि १६-३५, त्याच मापाचे आटे आहेत. कडं पितळी, काचेच्या दोन्ही बाजूंना पाणी न धरणारं कोटिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं कुठल्याही चांगल्या सीपीएलला लागू आहे.

घरी आणल्यावर आधी तो खरा आहे का ते बघितलं. कुणालाही करता येईल अशी परीक्षा आहे. पुढची बाजू कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्याकडे धरून हळूहळू फिरवला, तर एका जागी पडदा काळा पडला. उलटा धरला, तर काळा पडला नाही, नुसता रंग थोडा पिवळट-निळसर होत राहिला. मग आरशासमोर उभी राहिले, आट्यांची बाजू आरशाकडे ठेवली आणि फिल्टरमधून त्याचंच प्रतिबिंब बघितलं. काच काळीकुट्ट दिसली. बाजू पालटल्यावर आरपार स्वच्छ. याचा अर्थ आत ध्रुवक पापुद्रा, म्हणजे ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणारा) प्रकाशच पुढे सोडणारा थर, आहे आणि त्याच्या मागे पाव-तरंग पापुद्राही आहे, जो प्रकाश कॅमेऱ्यात शिरण्याआधी त्याला वर्तुळाकार ध्रुवित करतो. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांत ऑटोफोकस आणि उजेड मोजणारा मीटर फसू नयेत म्हणून तो लागतो. माझा आताचा कॅमेरा मिररलेस आहे, त्याला बहुधा साधाही चालला असता. पण जुना कॅमेराही मी अजून वापरते.

प्रकाश किती खातो तेही मोजलं. पांढऱ्या भिंतीवर फिल्टरशिवाय १/१२५ सेकंद, फिल्टर लावून १/५०. म्हणजे सव्वा स्टॉपहून किंचित जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं). अनेक सीपीएल दीड ते दोन स्टॉप खातात, त्या मानाने हे चांगलं. भिंत पांढरीच राहिली, पिवळी झाली नाही. माझा आधीचा स्वस्तातला फिल्टर सगळ्या फोटोंवर चहा सांडल्यासारखी छटा आणायचा.

आता आभाळाविषयी, कारण बहुतेक जण आभाळ निळं करायलाच हा फिल्टर घेतात. मीही त्यासाठीच घेतला होता. आभाळाचा प्रकाश सगळीकडे सारखा ध्रुवित नसतो. सूर्यापासून काटकोनात असलेल्या पट्ट्यात तो सगळ्यात जास्त ध्रुवित असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून जाईल तिथे फिल्टरचा जोर सगळ्यात जास्त. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स आडवं जवळजवळ ९७ अंश बघते. इतक्या रुंद चौकटीत तो पट्टाही येतो आणि त्याच्या बाहेरचं फिकट आभाळही. भाचीने बोट ठेवलं होतं ते त्या पट्ट्यावर. तेव्हापासून २४ मिमीपेक्षा रुंद फ्रेममध्ये आभाळ असेल तर मी फिल्टर अर्धाच फिरवते किंवा काढून ठेवते. पॅनोरामाला तर लावतच नाही, जोडलेल्या फोटोंत आभाळाच्या पायऱ्या दिसतात.

तरीही हा फिल्टर माझ्या बॅगेतून हललेला नाही, तो पानांमुळे.

पाऊस नुकताच थांबला होता. ओढ्याच्या काठावर नेच्यांचा मोठा झुबका, मागे शेवाळलेला काळा खडक. मी ट्रायपॉड लावून बसले. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं हिरवं दिसायला हवं होतं, पण दिसत होतं राखाडी. प्रत्येक पानावर ढगाळ आभाळाचं पांढरं प्रतिबिंब पसरलं होतं. खडक तर पत्र्यासारखा चमकत होता. कडं फिरवायला घेतलं. आधी खडकाची चमक विरली आणि त्याच्यावरचं शेवाळ वर आलं, मऊ, पिवळसर हिरवं. मग डावीकडच्या पानांवरचा पांढरा थर सरकला. आणखी थोडं फिरवल्यावर एका नेच्याच्या पानामागच्या तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसल्या, ज्या मला नुसत्या डोळ्यांनी तिथे बसूनही दिसल्या नव्हत्या. मी कडं मागेपुढे करत राहिले. पांढरा थर यायचा, जायचा. पान तेच, प्रकाश तोच, फक्त वरची चकाकी उचलली की खालचा रंग मोकळा होत होता.

कॉम्प्युटरवर निळा गडद करता येतो, धूसरपणाही बराच कमी करता येतो. पण पानावरच्या चकाकीखाली दबलेला रंग फोटोत आलेलाच नसेल, तर तो नंतर आणायचा कुठून? म्हणून मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते, सीपीएल घ्यायचा तर ओल्या पानांसाठी घ्या, ओल्या दगडांसाठी घ्या. ढगाळ, पावसाळी, दाट झाडीतल्या दिवशी, जेव्हा आभाळ चौकटीत नसतंच, तेव्हा तो सगळ्यात जास्त कामाचा.

पाण्यावरही तसंच. ध्रुवीकरणाचा शोधच मुळी चकाकीतून लागला. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळत्या सूर्याचा प्रकाश आइसलँड स्पार या, वस्तूच्या दोन प्रतिमा दाखवणाऱ्या पारदर्शक स्फटिकातून बघितला आणि स्फटिक फिरवला तशी दोन प्रतिमांची उजळी बदलताना दिसली. गॉगलची काच बसवताना मला ही गोष्ट हमखास आठवते. पुढे १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी कुठल्या कोनात परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो त्याचा नियम मांडला. त्या हिशोबाने पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांनी बघितलं की चकाकी जवळपास पूर्ण मारता येते. त्याहून तिरकं किंवा सरळ बघत गेलं की फिल्टरचा जोर कमी होतो.

तलावाकाठी याचा सुरेख उपयोग होतो. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवला की पायापाशीचं पाणी साधारण त्याच कोनात येतं, त्यामुळे तळाचे गोटे स्वच्छ दिसतात. समोरचं लांबचं पाणी मात्र इतक्या तिरक्या कोनात असतं की तिथलं डोंगराचं प्रतिबिंब बरंचसं टिकून राहतं. एकाच चौकटीत खाली गोटे आणि वर पाण्यातला डोंगर. शेवटपर्यंत न फिरवता थोडं अलीकडे थांबायचं. कुठे थांबायचं हे हाताला कळायला मला चार-पाच तलाव लागले.

धबधब्यावर प्रकाश खाण्याचा दोषही उपयोगी पडतो. आयएसओ १००, एफ/११ वर १/५ सेकंद मिळत होतं, फिल्टरने ते १/२ झालं. पाण्याला तेवढी रेशमी ओढ मला पुरते, वर ओल्या दगडांची चमकही गेली.

दूरच्या डोंगररांगांवरची निळसर धूसरता हा फिल्टर कमी करतो. दाट धुक्यात मात्र फारसा फरक पडत नाही, कारण धुक्याचे थेंब मोठे असतात आणि त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश तितका ध्रुवित नसतो. आणि धूसरता दरवेळी मारावी असंही मला वाटत नाही. पाच रांगा एकामागे एक फिक्या होत जातात, तेव्हा ती धूसरताच खोली दाखवत असते. तिथे मी फिल्टर खिशात ठेवते.

आता तक्रारी. या फिल्टरच्या कड्यावर खूणच नाही. कुठल्या दिशेला किती फिरवलंय ते कळत नाही, आणि कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर असला तर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर उजेड लगेच भरून काढतो, त्यामुळे फरक डोळ्यांना नीट जाणवत नाही. मी दोन उपाय केले. कडं फिरवताना एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवते. आणि घरी चकचकीत टेबलावरची खिडकीची चकाकी फिल्टरमधून बघितली, ती पूर्ण गेली त्या क्षणी कड्याच्या सगळ्यात वरच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आता ठिपका वर असला की पाण्याची चकाकी जाते, ठिपका सूर्याच्या दिशेला असला की आभाळ सगळ्यात गडद होतं. कंपनीने एक पांढरी रेघ छापली असती तर हे करावं लागलं नसतं.

दुसरी अडचण लेन्स हूडची. हूड लावला की बोट कड्यापर्यंत पोचत नाही. काढला की तिरकं ऊन थेट काचेवर पडतं आणि फोटो पांढुरका होतो. मी हूड काढते आणि डाव्या हाताच्या तळव्याने सावली धरते. तिसरी, १६ मिमीला कोपरे किंचित काळवंडतात, १८ पासून स्वच्छ. खाली यूव्ही फिल्टर ठेवून वर हा चढवला तर हे वाढतं, म्हणून आधी तो काढा.

पितळी कड्याचं मोल मला आधीच्या फिल्टरमुळे कळलं. त्याचं कडं अॅल्युमिनियमचं होतं. एका खिंडीत पहाटेच्या गारठ्यात ते लेन्सच्या आट्यांत असं अडकलं की निघेना. सीपीएलमध्ये गोची अशी की पुढचं कडं मोकळं फिरतं, पकडायचं असतं मागचं, आणि ते जेमतेम दोन-तीन मिमी जाड. मी दोन बोटांच्या चिमटीत जोर लावत राहिले. त्याने कडं दाबून किंचित लंबगोल होतं आणि आणखी घट्ट बसतं. तारे काढायला आले होते, आणि सव्वा-दीड स्टॉप प्रकाश त्या काचेने खाल्ला. घरी येऊन मागच्या कड्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळला, सगळ्या बोटांनी हलक्या हाताने चहूकडून धरला आणि फिरवला, तर सुटला. नवा पितळी फिल्टर १४ महिन्यांत एकदाही अडकलेला नाही.

त्या जुन्या फिल्टरचा शेवटही सांगते. उन्हाळ्यात बॅग बंद गाडीत राहिली आणि काही दिवसांनी काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग दिसू लागले. दोन काचांमधला पापुद्रा सुटायला लागला होता. ध्रुवक पापुद्रा ही १९२९ साली एडविन लँड यांनी पेटंटसाठी अर्ज केला तेव्हापासूनची चीज. तो मुळात दोन काचांत चिकटवलेला पातळ थर असतो, आणि उष्णता त्याची वैरी. पुसायचं द्रवही थेट काचेवर फवारू नका. कडेच्या फटीतून आत जातं. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग कापडाला द्रव लावून मधून बाहेर पुसा. हे दिवसभर हेच काम करणारी बाई सांगतेय.

गेल्या महिन्यात भाची परत आली होती. संध्याकाळी सर ओसरली, सूर्य खाली आला होता आणि दरीवर इंद्रधनुष्य उभं राहिलं. मी तिला कडं फिरवायला दिलं. लाल ठिपका बाजूला नेला तशी कमानीचा माथा उजळला आणि दोन्ही पाय विझले. ठिपका वर आणल्यावर माथा नाहीसा झाला आणि पाय झळकले. इंद्रधनुष्याचा प्रकाश कमानीच्या वळणाप्रमाणे ध्रुवित असतो, त्यामुळे सगळी कमान एकदम धरता येत नाही. ती दोनदा इकडून तिकडे फिरवत राहिली आणि मग ठिपका वर ठेवून थांबली. "मावशी, पायच घेऊ. बघ, झाडांत कसा उतरलाय."