यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह, काही महिन्यांच्या वापरानंतर : यंत्र चांगलं, केबल भिकार

पंधराशेच्या आसपास मिळणारी काळी, चपटी, यूएसबीवर चालणारी डीव्हीडी ड्राइव्ह. कंपनीचं नाव घेत नाही. या किमतीतल्या बहुतेक ड्राइव्ह सारख्याच दिसतात. गेल्या महिन्यात तिची केबल मुळाशी तुटली आणि सर्व्हिस सेंटरनं हात वर केले, म्हणून सविस्तर लिहितेय.

आत्याच्या पंच्याहत्तरीला घरातल्या जुन्या डीव्हीड्यांमधून एक फिल्म करायची होती. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, ताईचं लग्न, पुतण्याची मुंज, सगळं 2004 ते 2009 मधलं. आधी एका स्टुडिओत विचारलं. डिस्कमागे तीनशे रुपये सांगितले आणि नमुना म्हणून जी फाइल दिली ती बघून संताप आला. चित्र पुसट, हलत्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, आणि आमचे धिप्पाड आजोबा त्यात चक्क हडकलेले! आपल्याकडच्या पाल (जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 पिक्सेलचं असतं, पण जुन्या टीव्हीच्या 4:3 आकारात ते दाखवताना रुंदी 768 एवढी पसरावी लागते. ते न करता फाइल काढली की माणसं अरुंद होतात. तीनशे रुपये घेणाऱ्याला एवढं ठाऊक असायला हवं. पाच डिस्कच्या पैशात ड्राइव्ह येते, असा हिशेब केला आणि मागवली.

आता केबल. ती ड्राइव्हलाच कायमची जोडलेली आहे, जेमतेम वीतभर, आणि खालच्या खाचेत दुमडून बसवायची. लॅपटॉप स्टँडवर असेल तर ड्राइव्ह टेबलाला टेकतच नाही. खाली पुस्तकांची चळत लावावी लागते. हेही चालवून घेतलं असतं. पण डिस्क घातली की मोटर फिरायला लागायची, टक्-टक् आवाज यायचा आणि ड्राइव्ह स्क्रीनवरून गायब. पुन्हा काढा, पुन्हा लावा. अशा ड्राइव्हला मोटर वेग घेताना सर्वात जास्त वीज लागते. यूएसबी 2 च्या पोर्टला 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3 च्या पोर्टला 900 देण्याचं बंधन असतं. मी निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या पोर्टलाच लावली होती, तरी हे. केबल सुटी असती तर दोन तोंडांची वाय केबल लावून दोन पोर्टांतून वीज घेता आली असती. इथे तीही सोय नाही. शेवटी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला, नऊशे रुपयांना. म्हणजे पंधराशेची वस्तू चोवीसशेला पडली. त्या दिवशी मी तिला दोन तारे दिले असते.

हब लावल्यावर मात्र ड्राइव्हनं काम चोख केलं, हे सांगितलंच पाहिजे. चांगल्या स्थितीतली भरलेली डिस्क पंधरा-वीस मिनिटांत उतरते. घरगुती डीव्हीडीवर कॉपी रोखणारं कुलूप नसतं, त्यामुळे व्हिडिओ_टीएस हे फोल्डर सरळ कॉपी करता येतं. पण आतल्या व्हीओबी, म्हणजे चित्र-आवाजाच्या फाइली एकेक जीबीला तोडलेल्या असतात, मंगलाष्टक चालू असताना मध्येच फाइल संपते. त्या एकेक करून एडिटरमध्ये टाकल्या की सांध्यावर आवाज अडखळू शकतो. म्हणून मी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरते. ते डिस्कवरचं अख्खं टायटल उचलून एकसंध एमकेव्ही फाइल देतं आणि चित्राला हात लावत नाही. डीव्हीडीवर चित्र एमपेग-2 या पद्धतीनं आवळून साठवलेलं असतं; तो प्रवाह जसाच्या तसा. ही मूळ प्रत आधी वेगळी ठेवून द्या. हँडब्रेक या सॉफ्टवेअरनं थेट लहान एमपी4 केली की जागा वाचते, पण चित्र पुन्हा एकदा आवळलं जातं. तीन तासांचं लग्न स्टुडिओवाल्यांनी 4.7 जीबीत कोंबताना ते एकदा आवळलेलंच आहे. त्याला आणखी किती पिळायचं?

एडिटिंगसाठी त्या मूळ प्रतीवरून वेगळी फाइल बनवायची. एमपेग-2 मध्ये दर बारा-पंधरा फ्रेम्समागे एकच फ्रेम पूर्ण असते, बाकीच्या आजूबाजूच्या फ्रेम्सवर अवलंबून, त्यामुळे टाइमलाइन मागेपुढे ओढताना अडकते. शिवाय चित्र इंटरलेस्ड: सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर त्यांची पन्नास पूर्ण चित्रं करतो. वरातीतला नाच त्यानं असा काही मोकळा झाला की ताईनं तो भाग परत परत बघितला. रेघा गेल्या आणि हालचालही टिकली. मग शॉटकट या एडिटरमध्ये कापाकापी. यातल्या एकाही सॉफ्टवेअरला मी रुपया दिलेला नाही.

वाईट डिस्कची गोष्ट वेगळी. डीव्हीडीवर लिखाण आतून बाहेर होतं, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट काठाकडे. बोटं लागतात काठाला. त्यामुळे ताईच्या लग्नात सीमांतपूजन स्वच्छ आणि पाठवणी मात्र गोठलेली. डिस्क मऊ कापडानं मधून काठाकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. गोल ओरखडा लिखाणाच्या दिशेनंच जातो आणि सलग मजकूर खातो. तरीही वाचेना, तेव्हा खराब डिस्कवरून माहिती वाचवणारं डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी सोपा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग तिथेच परत परत प्रयत्न करतं. रात्री लावून झोपले. सकाळी उरलेला भाग काही केबींवर आला होता. नंतर तीच डिस्क शेजारच्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हवर, त्याच नोंदीच्या फाइलनं पुढे चालवली आणि उरलंसुरलंही निघालं. आई ताईच्या पदराला गाठ मारून देतेय, ते दृश्य सलग मिळालं. त्या दिवशी ड्राइव्हला साडेतीन तारे.

आणि मग केबल तुटली. खाचेत दुमडून दुमडून मुळाशी रबर फाटलं, आतली लाल वायर दिसायला लागली. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं ड्राइव्ह उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मॅडम, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." मी विचारलं, केबल दुमडून ठेवायची खाच तुम्हीच दिलीत ना? त्यावर, "मेल टाका." मेल टाकली. उत्तरात नवीन ड्राइव्हवर सवलतीचं कूपन आलं. मला कूपन नको होतं, वीतभर केबल हवी होती.

चिडून पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी चार स्क्रू काढून जुनी केबल उघडली आणि बोटावर वायर पसरून दाखवली. "ताई, यात तांबं आहेच कुठं? मोटर ओढायला लागली की पाच व्होल्ट आत पोचणार कसे?" जाड वायरची तीन फुटी केबल त्यांनी डाग देऊन जोडली आणि मुळाशी गाठ मारली, ओढ सांध्यावर येऊ नये म्हणून. दीडशे रुपये. घरी येऊन आधी हबशिवाय थेट लॅपटॉपला लावून बघितली. टक्-टक् नाही, गायब होणं नाही. ज्या डिस्कवर ती सुरुवातीला हटकून मान टाकायची, तीच पहिल्या फटक्यात वाचली.

म्हणजे ड्राइव्हच्या लेझरमध्ये, मोटरमध्ये काही खोट नव्हती. पाच-पन्नास रुपयांचं तांबं वाचवलं आणि ग्राहकाला नऊशेच्या हबचा खर्च लावला. याचा राग माझा अजून गेलेला नाही. दुरुस्तीनंतर चार तारे. पाचवा केबलसाठी राखून ठेवलेला, तो देणार नाही. घेणार असाल तर केबल सुटी निघणारं मॉडेल बघा, दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील.

एक काम राहिलंय. मुंजीची आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क कॅमेऱ्यातच रेकॉर्ड झालेली आहे आणि फायनलाइज न केल्यामुळे, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद न केल्यामुळे, संगणक ती कोरी समजतो. ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये ती बसते छान, पण वाचायला आधी त्या कॅमेऱ्यातच फायनलाइज करावी लागेल. कॅमेरा माळ्यावर सापडला, चार्जर नाही. तपकीर गल्लीतल्या काकांना त्याचा फोटो पाठवलाय.