पोस्टाने नाणी मागवताय? माल खरा, पण आधी एक गोष्ट सांगून ठेवा

दीड वर्ष झालं एका नाणीवाल्या काकांकडून पोस्टाने नाणी घेतोय. नाव लिहीत नाही, कारण तक्रारपण करायचीय. रविवारी व्हॉट्सॲपवर लिस्ट येते, दोन्ही बाजूंचे फोटो, खाली "घेतो" टाकलं की नाणं तुमचं, पैसे जीपे केले की मंगळवार-बुधवारी स्पीड पोस्ट निघतं. पॅकिंगला दहापैकी दहा. प्रत्येक नाणं वेगळ्या होल्डरमधे, वरखाली पुठ्ठा, चारी बाजूंनी टेप, पाकीट हलवून बघा, अजिबात खुळखुळत नाही.

पहिला घेतला तो राणीछाप रुपया, 1862 चा. हे साल पुढे 1874 पर्यंत तसंच छापत राहिले म्हणून मुंबई टांकसाळीच्या रुपयावर खरं साल कळायला सालाखालचे ठिपके मोजावे लागतात, ते काकांनी न विचारता लिस्टमधेच लिहिलेलं. सोनाराकडे तोलला, 11.5 ग्रॅम भरला, नवा 11.66 चा असतो, म्हणजे झीज धरली तर बरोबर.

आता शिवराई, म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. लिस्टमधे "दुदांडी, व्हीएफ" (दुदांडी हा शिवराईचा एक प्रकार, व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, कमी झिजलेली), फोटोत मस्त चॉकलेटी, आणि पाकिटातून निघाली ती दिवाळीला घासलेल्या तांब्यासारखी गुलाबी!! पितांबरी मारलेली हो, अक्षरांच्या खाचेत पावडर तशीच अडकलेली. शिवराईवर निम्मी अक्षरं काठाबाहेर जातात ते चालतं, ठसा मोठा आणि तुकडा लहान असायचा, पण तो जुना काळपट रंग गेला की गेला, आणि त्याचेच तर पैसे असतात. फोन केला तर काका म्हणे पॅकिंगला नवीन मुलगा ठेवलाय, त्याला वाटलं नाणं मळलंय. काय बोलणार? पैसे पूर्ण परत दिले, कटकट नाही, फक्त परत पाठवायचा पोस्टाचा खर्च माझ्याच माथी, तो त्यांनी द्यायला हवा होता.

तरी माणूस सरळ आहे. न्यू जर्सीच्या मावसभावाला एक राणीछाप थेट पाठवा म्हटलं तर सरळ नाही म्हणाले, शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवणं कायद्यात बसत नाही. दुसरा कोणी गुपचूप पाठवून मोकळा झाला असता.

परवाच 1943 चा भोकाचा पैसा बुक केलाय. मेसेजमधे तीनदा लिहिलंय, घासू नका.