ठेकेदाराचे ऑपरेटर की आयटीआयचे शिकाऊ?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी भाग बनवून देण्याचं काम, करणाऱ्याला पुढच्या तिमाहीत किती माल लागेल हे नक्की ठाऊक नसतं. कंपनी शेड्यूल, म्हणजे किती माल कधी हवा ते, देते आणि महिन्याच्या मध्यावर फिरवते. मग सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, माणसं कुठून आणायची? ठेकेदाराकडून ऑपरेटर घ्यायचे किंवा आयटीआय झालेली मुलं शिकाऊ म्हणून ठेवायची, या दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत.

ठेकेदाराची सोय मान्य करायलाच हवी. फोन केला की माणूस हजर, काम उतरलं की हाजरी बंद. ओव्हरटाइमलाही तीच माणसं उपयोगी. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे शिकाऊंना मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही.

माझं मन फिरलं ते सणांच्या तोंडावर. दसरा-दिवाळीला विकायच्या गाड्या आधी बनतात, त्यामुळे ऑगस्टपासून आमच्याकडे रेटा सुरू होतो. पण तो एकट्या माझ्या गाळ्यात नसतो. शेजाऱ्यांचंही शेड्यूल त्याच सुमारास वाढलेलं असतं आणि सगळे त्याच ठेकेदारांना फोन करत असतात. त्यातच गणपतीला कोकणातली मुलं जातात, पुढे दिवाळी-छठला बिहार-यूपीची. ज्या सोयीसाठी ठेकेदाराला कमिशन द्यायचं, ती ऐन गरजेला मिळत नाही. मिळालाच कोणी, तर त्याला मशीन सुरू करायचं सायकल स्टार्टचं बटण तेवढं माहीत. टूल झिजल्यावर ऑफसेट द्यायला, म्हणजे झिजेइतकं माप मशीनमध्ये सुधारायला, मशीन लावून देणाऱ्या सेटरलाच धावावं लागतं. दर नव्या चेहऱ्यामागे रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढतं, असा माझा तरी अनुभव आहे.

शिकाऊ मुलगा सुरुवातीचे महिने फारसा कामाचा नसतो. मंदीतही स्टायपेंड द्यावाच लागतो. शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत केंद्र सरकार त्यातला २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये, उचलतं. तयार झाल्यावर काही जण मोठ्या कारखान्यात जातात. ते धरूनच मी गरजेपेक्षा एक-दोन जास्त घेतो आणि मंदीच्या दिवसांत त्यांना मशीनचं सेटिंग, गेजने माप तपासणं, ड्रॉइंग वाचणं शिकवून घेतो. शेड्यूल चढतं तेव्हा ती मुलं मशीन ओळखत असतात.

एकदाच येणारी मोठी ऑर्डर असेल तर ठेकेदार बरा. तोच पार्ट वर्षानुवर्षं चालणार असेल, तर मी म्हणेन, जवळच्या आयटीआयतल्या निदेशकांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, निकालाआधीच भेटून या. निकालानंतर चांगली मुलं मोठे कारखाने घेऊन जातात.