काम गेलं तर ईएसआयकडून (पगारातून कापतात तो कामगारांचा सरकारी विमा) पैसे मिळतात का? मिळतात, मला मिळाले (अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, नाशिक)

पाचपैकी साडेतीन स्टार देते. पैसे खरंच आले म्हणून तीन, आणि कौंटरवरच्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं म्हणून अर्धा.

मी अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडून अकरा वर्षं असेंब्लीला होते, स्विचमध्ये पितळी टर्मिनल बसवायचं काम, लाइनीवर सगळ्या बायकाच. घरी आल्यावर कितीही साबण लावला तरी बोटांचा पितळेचा वास जायचा नाही. मग आमच्या मोठ्या कस्टमरने तोच तयार पार्ट चायनावरून मागवायला सुरुवात केली, तिकडचा रेट इथल्या नुसत्या मटेरियलच्या भावात पडतो म्हणे. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग सेकंड शिफ्ट, आणि 2023 च्या दिवाळीनंतर लाइनच उचलली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. शेवटच्या दिवशी सुपरवायझर टाइप केलेले कागद घेऊन आला, "सही करा ताई, हिशोब लवकर निघेल". त्यात लिहिलं होतं की मी स्वतःच्या मर्जीने काम सोडते आहे. निम्म्या बायकांनी न वाचता सह्या केल्या कारण हिशोबाची गरज प्रत्येकीलाच होती. मी नाही केली, म्हटलं मला कामावरून कमी केल्याचं पत्र द्या. ते शेवटपर्यंत दिलं नाही, दुसऱ्या दिवशी गेटवर पास बंद.

ते पत्र का पाहिजे होतं ते मला नंतर कळलं. ईएसआयच्या दोन वेगळ्या योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून आहे, फॅक्टरी बंद पडली किंवा कामगार कपात झाली तर पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के, म्हणजे पूर्ण दोन वर्षं, शिवाय दवाखाना चालू. पण त्याला कपातीचा कागद लागतो. दुसरी अटल योजना, 2018 ची, त्यात फक्त 90 दिवस आणि तेही आयुष्यात एकदाच. आधी 25 टक्के होते, 2020 ला कोरोनात 50 टक्के केले. एका कागदापायी दोन वर्षांचे तीन महिने झाले, याचं मला अजून वाईट वाटतं.

क्लेम ऑनलाइन भरायचा, काम सुटून 30 दिवस झाले की. आधीच्या दोन वर्षांतला हिशोब बघतात, काम सुटण्याआधीच्या सहामाहीत 78 दिवस भरलेले पाहिजेत आणि उरलेल्या तीनपैकी एका सहामाहीत 78. माझं ते बसत होतं, अडलं नावावर, आधारवर सासरचं नाव आणि ईएसआय कार्डावर माहेरचं, कॉन्ट्रॅक्टरने अकरा वर्षांत कधी बदललंच नाही. ते दुरुस्त करायलाच दोन फेऱ्या गेल्या आणि मधले पंधरा दिवस घरात किराणा उधारीवर. बायकांनो, नोकरी चालू असतानाच हे बघून घ्या. सायबरवाला मला शपथपत्राचे 300 मागत होता, ते 2020 लाच काढून टाकलंय, देऊ नका.

माझा पगार 14,000, त्यातून महिन्याला 105 रुपये कापायचे. दिवसाला 230 च्या आसपास बसले, 90 दिवसांचे साधारण 20,700. पासबुकात एन्ट्री बघितली तेव्हा मी बँकेच्या पायरीवरच बसले, मुलाची परीक्षा फी त्यातनं गेली. कोणाची भीक नाही ही, आपल्याच पगारातले पैसे आहेत, मागायला लाजू नका.

दीड स्टार कापला तो यासाठी की काम का गेलं हे कोणी विचारतच नाही. मुलाने मला अमेरिकेतल्या योजनेचं वाचून दाखवलं, तिकडे 1962 पासून बाहेरच्या मालामुळे काम गेलेल्यांसाठी वेगळी मदत होती. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी सरकार चौकशी करायचं, खरं निघालं तर ट्रेनिंग आणि शिकत असताना भत्ता. पन्नाशीच्या पुढच्याने कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या नव्या पगारातल्या फरकाचे निम्मे पैसे, दोन वर्षांत 10,000 डॉलरपर्यंत. 2022 च्या जुलैपासून तिकडेही नवे अर्ज घेणं बंद झालंय. पण तीन बायकांचा अर्ज पुरतो ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, आम्ही तर बेचाळीस जणी होतो.

मी 51 ची आहे. आता सातपूरला पॅकिंगला जाते, 11,500 वर. तिकडचा तो नियम इथे असता तर महिन्याला 1,250 वर मिळाले असते, म्हणजे आमच्या गॅसचं आणि लाइट बिलाचं भागलं असतं.

अर्ज करायच्या आधी अटल योजना चालू आहे का ते विचारा, मुदत वाढवत वाढवत चालवतात. आणि सही केलेल्या बायकांपैकी एकीकडे त्या कागदाची झेरॉक्स आहे, ती घेऊन आम्ही दोघी सोमवारी कामगार उपायुक्तांकडे जाणार आहोत. काय झालं ते इथेच खाली टाकते.