धंद्याचं नाव ‘रजिस्टर करून देतो’ म्हणाले आणि ४६,९४० रुपये घेऊन गेले

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. बायको सोडली तर घरात कोणालाही पूर्ण आकडा माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्याच लाईनमधल्या एका पोराचा फोन आला. सिन्नरला वॉशिंग सेंटर टाकतोय. म्हणाला, “दादा, नाव रजिस्टर करून देणारे एक जण सापडलेत, ४८ तासांत काम करतात.” मी त्याच्यावर पाच मिनिटं ओरडलो. त्याचा काहीच दोष नव्हता. फोन ठेवला आणि ठरवलं, आता सगळं आकड्यांसकट लिहायचं.

मी बारा वर्षं नाशिकमध्ये एका शोरूमला डिलिव्हरीच्या गाड्या तयार करायचं काम केलं. गाडी पुन्हा रंगवलेली आहे की कंपनीच्या रंगात आहे हे रंगाची जाडी मोजायचं गेज न लावता, नुसत्या टॉर्चच्या उजेडात सांगतो. गेल्या वर्षी पाथर्डी फाट्याजवळ स्वतःचा गाळा घेतला. फोम वॉश, रबिंग-पॉलिशिंग, इंटिरियर क्लीनिंग आणि पुढे सिरॅमिक कोटिंग, असा विचार होता. मशीनं आली, लाईट लागले, दोन पोरं कामाला ठेवली, दसऱ्याचं उद्घाटन ठरलं. नाव तेवढं राहिलं होतं.

नाव ठेवणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या धंद्यात शाइन, ग्लॉस, स्पार्कल, स्पा, स्टुडिओ हेच पाच-सहा शब्द उलटसुलट करून सगळ्यांनी बोर्ड लावलेत. बायको म्हणत होती, “अहो, सप्तशृंगीचं नाव द्या, दुसरं काही शोधू नका.” मला वेगळं नाव हवं होतं. लोक पंधरा लाखांची गाडी चावीसकट आपल्या ताब्यात देऊन जातात, ते नावावरच्या भरवशावर. शिवाय शोरूमला असताना एका ॲक्सेसरीजवाल्याला नावासाठी नोटीस आलेली डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून पहिल्या दिवसापासून ट्रेडमार्क, म्हणजे नावाची सरकारी नोंदणी, करून घ्यायचा हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. म्हणजे निष्काळजीपणा केला म्हणून फसलो असं कोणी म्हणू नये. काळजी घ्यायला गेलो आणि तिथेच लुटलो गेलो.

ऑगस्टमध्ये मोबाईलवर जाहिरात दिसली: ‘तुमच्या ब्रँडचं नाव, लोगो आणि रजिस्ट्रेशन एकाच ठिकाणी.’ नंबर टाकला, दहा मिनिटांत फोन. बाई अतिशय नीट मराठीत बोलत होत्या. जन्मतारीख विचारली, गाळ्याचं तोंड कुठल्या दिशेला ते विचारलं, आणि पहिलं पॅकेज सांगितलं: अंकशास्त्राप्रमाणे तीन नावं, ७,५०० रुपये. दिले. माझा अंकशास्त्रावर फार विश्वास नाही, पण घरच्यांचा आहे, आणि उद्घाटनाच्या तोंडावर घरात कोणाच्या मनात शंका ठेवायची नव्हती. तीन नावं आली. त्यातलं एक खरंच आवडलं. शेवटी एक जादा ‘झेड’ लावायला सांगितला, म्हणे त्याने आकडा जुळतो. ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्यावरून पुढे आलेल्या नोटिशीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

सोबत एक पानाचा ‘सर्च रिपोर्ट’ आला. पाच ओळी, प्रत्येक ओळीपुढे हिरवी बरोबरची खूण, खाली लिहिलेलं: नाव उपलब्ध आहे. मी तो कागद बायकोला दाखवला, लॅमिनेट करून फाईलला लावला.

हा शोध आयपी इंडिया या सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साईटवर कोणालाही करता येतो आणि एक रुपयाही लागत नाही. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे नंबर दिलेले वर्ग असतात. आपल्याला वर्ग ३७ निवडायचा, कारण गाड्यांची धुलाई-दुरुस्ती या सेवा त्यात येतात, आणि नाव टाकायचं. पॉलिश, शाम्पू स्वतःच्या नावाने विकणार असाल तर वर्ग ३ पण बघा. आणि नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधायचा पर्याय तिथे आहे तो वापरा. एक ‘झेड’ वाढवला म्हणून नाव वेगळं होत नाही. कानाला सारखं लागलं तरी अडतं.

दुसरं बिल १८,८८० रुपयांचं. १६,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यात ‘सरकारी फी ९,०००’ अशी ओळ होती. एकट्या माणसासाठी किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या धंद्यासाठी ऑनलाईन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० आहे. ९,००० बाकी सगळ्यांना. माझ्याकडे उद्यमचं प्रमाणपत्र होतं, मी स्वतः फुकटात काढलेलं. बिलावर जीएसटी लावला होता पण जीएसटी नंबर नव्हता. क्यूआर स्कॅन केला तर फर्मचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. मी विचारलं. “सर, आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत, कंपनीच्या खात्याची लिमिट संपलीय.” मी पैसे पाठवले. त्या वेळी गाळ्यात इलेक्ट्रिशियन उभा होता, मालक भाड्याचं विचारत होता, आणि मला ते काम एकदाचं संपवायचं होतं.

पण ज्या दिवसाचा विचार करून अजून झोप लागत नाही, तो दिवस हा नाही.

तो दिवस सप्टेंबरचा. ट्रायलला आलेल्या एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर मी फोम मारत होतो. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर. या वेळी पुरुषाचा आवाज, स्वतःला लीगल ऑफिसर म्हणवणारा. “सर, तुमच्याच नावाची फाईल आज सकाळी दुसऱ्या पार्टीने टाकलीय. दुपारी चारच्या आत ब्लॉक केली नाही तर नाव त्यांचं.” रक्कम १४,१६०. मी विचारलं, आपला अर्ज आधी गेलाय ना? म्हणाला, हो, तीन आठवडे झाले. आणि मी हात पुसले आणि पैसे पाठवले.

आता सांगा. माझा अर्ज तीन आठवडे आधी गेलाय, तर आज अर्ज टाकणाऱ्याची भीती मला कशाला? अडचण त्याला यायला हवी. हे कळायला वकील लागत नाही. त्याने एका वाक्यात स्वतःचं खोटं माझ्यासमोर मांडलं होतं. प्रश्न मीच विचारला, उत्तर मिळालं, आणि ते मी ऐकलंच नाही. बॉनेटवरचा फोम वाळत होता आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ‘चारच्या आत’ या दोन शब्दांनी माझं डोकं बंद केलं. कोणीही तुम्हाला वेळ घालून पैसे मागितले की फोन ठेवा. खरं काम असेल तर ते उद्याही होईल.

त्यानंतर ‘फास्ट ट्रॅक’चे ६,४००, आणि नवव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. सिंहांची मुद्रा, सही, शिक्का, सात आकडी नंबर. आम्ही पेढे वाटले.

नऊ दिवस! खरा रस्ता असा: अर्ज, मग तपासणी अहवाल, त्यात हरकत आली तर महिन्याभरात उत्तर, मग सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, आणि प्रसिद्धीनंतर नुसते चार महिने लोकांना विरोध नोंदवायला. ते चार महिने कोणालाही टाळता येत नाहीत. तातडीच्या तपासणीची सोय खरोखर आहे, पण तिची फी एकट्या माणसालाही २०,००० आहे आणि तिनेही ते चार महिने कमी होत नाहीत. ६,४०० मध्ये मला काय विकलं ते मला आता कळतंय. प्रमाणपत्रावर वर्ग १२ लिहिला होता. १२ म्हणजे वाहनं. मी गाड्या बनवत नाही, धुतो. रंगातला केसाएवढा ओरखडा मला दिसतो आणि कागदावरचा ठळक आकडा दिसला नाही.

त्या कागदाच्या जोरावर मी खर्च केला. बारा बाय तीन फुटांचा एसीपी बोर्ड, आतून उजेडाची अक्षरं, ३१,५००. टी-शर्ट आठ, २,९६०. कार्डं आणि बिलबुकं ४,३००. काचेवरचे स्टिकर २,८५०. नावाच्या टोकाला वर्तुळातला ‘आर’ लावला. नोंदणी झाल्याशिवाय तो लावणं कायद्याने चालत नाही. तोवर फार तर ‘टीएम’ लावता येतं.

नोव्हेंबरमध्ये रजिस्टर्ड पोस्टाने वकिलाची नोटीस आली. दुसऱ्या शहरातल्या एका डिटेलिंगवाल्याचं, म्हणजे आमच्यासारखंच गाड्या धुऊन-चमकवून देणाऱ्याचं, तेच नाव, ‘झेड’ सोडून, वर्ग ३७ मध्ये आधीपासून रजिस्टर होतं. पंधरा दिवसांत वापर बंद करा. मी त्या माणसाला फोन केला. तो नीट बोलला. “भाऊ, तुमचं प्रमाणपत्र पाठवा बघू.” पाठवलं. पाच मिनिटांत त्याचा उलट फोन: “हा नंबर साईटवर टाकून बघितलात का?” नव्हता बघितला. टाकला, तर त्या नंबरवर एका अगरबत्तीवाल्याचं चित्र आलं. माझ्या नावाने कुठलाच अर्ज नव्हता. एकही नाही. १८,८८० रुपयांत त्यांनी अर्जसुद्धा भरला नव्हता.

मग सुरू झाल्या चकरा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला. पैसे जाऊन दोन महिने झाले होते. तो नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो, पैसे खात्यात असतानाच अडवता येतात. हे लक्षात ठेवा. पण पुढे पोलीस ठाण्यात जे झालं त्याला माझा उशीर कारण नव्हता.

पहिल्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणाले, हे दिवाणी आहे, सेवा आवडली नाही तर ग्राहक मंचात जा. मी म्हटलं साहेब, सरकारी शिक्क्याचं खोटं प्रमाणपत्र आहे. म्हणाले सायबरला जा. सायबरला दोन तास बसलो. “ओटीपी दिला होता का?” नाही. “लिंक दाबली?” नाही. “मग तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत, यात सायबर काय?” परत ठाण्यात पाठवलं. ठाण्यात दुसरे साहेब होते, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, रंगीत झेरॉक्स आणायला सांगितल्या, आणल्या तर म्हणाले खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची. फसवणुकीला पूर्वी ४२० होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. मी हे कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. “एवढा कायदा माहीत आहे तर फसलात कसे?”

भरल्या ठाण्यात, पाच-सात लोकांसमोर.

चौथ्या चकरेला एक जण चांगुलपणाने म्हणाले, “अहो, नावच आहे ना? बदलून टाका, धंदा करा.” मी त्यांना कसं सांगू? तीन महिन्यांत पहिले चाळीस-पन्नास ग्राहक जोडले, त्यांनी फोनमध्ये ते नाव सेव्ह केलंय, गूगलवर त्या नावाला रिव्ह्यू आलेत. फसवणाऱ्याला शोधायचं काम ज्यांचं, ते मलाच सांगतात की विसरा. बँकेच्या शाखेत खातेदाराची माहिती मागितली तर ‘पोलिसांचं पत्र आणा’, आणि पोलीस म्हणतात आधी बँकेकडून माहिती आणा. दोन टेबलांमध्ये मला चेंडूसारखं फिरवलं. दर चकरेला गाळा अर्धा दिवस बंद. शेवटी पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तोंडी बोलू नका, कुठेही. अर्ज लिहून न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. माझ्या पहिल्या तीन चकरांचा कुठे पुरावाच नाही.

हिशेब: त्यांना गेले ४६,९४०. बोर्ड, कपडे, छपाई ४१,६१०. नोटिशीच्या उत्तराला वकिलाचे ५,०००. एकूण ९३,५५०.

आता नवं नाव आहे. आईच्या नावातली दोन अक्षरं आणि आमच्या आडनावातलं एक, कशाचंच वर्णन न करणारं. नुसतं ‘बेस्ट कार क्लीन’ सारखं वर्णनाचं नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये अडकतं, हे त्या वकिलांनी समजावलं. अर्ज मी स्वतः भरला, ४,५०० रुपयांत, रात्री जेवण झाल्यावर. तुम्हाला मदत लागणारच असेल तर वकिलाकडे किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंटकडे जा, एजंटचा कोड मागा आणि तो यादीत बघा. अर्ज गेल्याच्या दिवशीच अर्जाचा नंबर मागा आणि स्वतःच्या हाताने साईटवर टाका. बोर्ड त्यानंतर.

जुन्या बोर्डातली अक्षरं काढून गाळ्याच्या मागच्या खोलीत ठेवली आहेत. पुरावा आहे म्हणून टाकत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असंच नऊ-दहा दिवसांत आलेलं, वर्ग १२ लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर आज रात्रीच तो नंबर तपासा. तो दुसऱ्याचाच निघाला तर गप्प बसू नका, आपण मिळून अर्ज देऊ. एकट्याच्या ४६,९४० रुपयांसाठी कोणी खुर्चीतून उठत नाही, दहा जणांची फाईल एकत्र गेली तर त्यांना उठावं लागेल.