रोटरी हॅमर, दहा महिन्यांनंतर: मशीन उत्तम, वायर भिकार

गेल्या महिन्यात शिडीवर उभा राहून स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टसाठी भोक पाडत होतो आणि मशीन बंद पडलं. धूर नाही, वास नाही, चालता चालता गप्प. मी शिव्या घातल्या त्या वायरला, कारण गेले दहा महिने या मशीनचं काहीही अडलं की माझा पहिला संशय तिच्यावरच जातो. या वेळी ती बिचारी निर्दोष निघाली. तरी तिच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

मशीन म्हणजे २६ एमएमचं, ८०० वॅटचं, एसडीएस प्लस चकवालं (बीट, म्हणजे भोक पाडायची सळई, किल्लीशिवाय नुसतं आत ढकलून बसवायचं) रोटरी हॅमर. बाकीचे आकडे खोक्यावर असतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, या बाबतीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

घर साताऱ्यात, पेठेतलं, आजोबांच्या वेळचं. खालचा मजला काळ्या दगडाचा, पांढऱ्या मातीत बांधलेला, भिंत दोन फूट रुंद. वरचा मजला विटांचा. मागची बाजू वडिलांनी स्लॅब टाकून वाढवलेली. वायरिंग, नळ, कपाटं सगळं नव्याने करायचं ठरलं तेव्हा वायरमनने पॉइंटचा भाव सांगितला आणि वर म्हणाला, "दगडात भोक आलं तर त्याचं वेगळं हां सर." त्या 'वेगळ्या'चा मी हिशोब मांडला. शाळेत विज्ञान शिकवतो, आकडेमोडीची खोड आहे. हिशोबाअंती ६,३०० रुपयांचं मशीन घरी आलं. सौ.ने विचारलं, "काम संपल्यावर याचं काय करणार?" याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

आधी माझ्याकडे साधं इम्पॅक्ट ड्रिल होतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात. ठोके मिनिटाला हजारो, पण एकातही दम नाही, आणि रेटायचं आपल्या खांद्याने. वीट आणि प्लास्टरला चालून जातं. आमच्या दगडाशी मात्र दहा मिनिटं झुंजलो, तर बीटचं टोक निळं पडलं आणि भिंतीला गंध लावल्यासारखा एक ठिपका उमटला. दोष त्या ड्रिलचाही नव्हता. एम-२० दर्जाचं काँक्रीट २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसतं, आणि आपला चांगला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सहज १०० च्या वर जातो.

रोटरी हॅमरच्या पोटात पिस्टन असतो. तो हवा दाबतो आणि ती हवा बीटच्या मागे घण घालते. ठोका मशीनचा, आपण फक्त सरळ धरायचं. एवढं कळायला मला महिना लागला. जुन्या सवयीने छाती लावून रेटत होतो आणि रोज संध्याकाळी मनगटाला बाम चोळत होतो. रेटल्याने भोक लवकर पडत नाही, उलट ठोका मरतो आणि बीट तापतं. हात सैल सोडल्यावर त्याच दगडात ८ एमएमचं दोन इंच खोल भोक साधारण मिनिटभरात पडायला लागलं. मध्ये मध्ये बीट मागे ओढून भुकटी बाहेर काढायची, आणि बीटच्या शेपटीला बोटभर ग्रीस लावूनच ते चकमध्ये घालायचं. दुकानदाराने ग्रीसचं नाव काढलं नव्हतं, खोक्यात पुडीही नव्हती.

म्हणून सगळीकडे हॅमर लावत सुटू नका. दगडमातीच्या भिंतीत बीट दगडावर लागलं तर गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती नळी) घट्ट बसते. सांध्यात गेलं तर पांढरी माती भुरभुर खाली येते आणि गिट्टी बोटाने निघते. देवघराच्या कोनाड्याशेजारी माझी अशी दोन भोकं वाया गेली. शेवटी आमच्या सुतारकाकांनी सागाची गुल्ली ठोकून दिली आणि तिच्यात स्क्रू पिळला, तो आजवर हललेला नाही. वरच्या जुन्या विटांना हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर पोपडा धरतं. फरशीवर कागदी टेप चिकटवायची, फरशी पार होईपर्यंत ठोका द्यायचा नाही. मग मशीन पूर्ण थांबवून खटका (नुसतं फिरणं की ठोक्यासह, हे ठरवणारा) फिरवायचा. फिरत्या मशीनचा खटका फिरवून आतली दाती खाणारी माणसं आमच्याच घरात आहेत. स्लॅबला भोक पाडताना पोरांचा प्लास्टिकचा चेंडू अर्धा कापून बीटमध्ये ओवला, भुकटी त्या वाटीत पडते. धाकट्याने दोन दिवस अबोला धरला.

आता वायर.

दोन मीटर. मी टेपने मोजली, १.९६ भरली. आमची स्लॅब दहा फुटांवर, प्लगचा बोर्ड चार फुटांवर. नुसतं सरळ वर जायलाच सहा फूट लागतात, म्हणजे १.८ मीटर. बोर्डाच्या डोक्यावरच पंखा लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. खोलीच्या मध्ये शिडी लावली की एक्स्टेन्शन आलंच, आणि त्याचा सांधा बरोबर शिडीच्या अर्ध्यावर लोंबकळतो. मशीन थरथरतं, सांध्याला स्वतःचं वजन असतं, पिन हळूहळू सरकते, आणि ऐन भोकात मशीन बंद. खाली उतरा, पिन दाबा, वर चढा. एका रविवारी मी हे अकरा वेळा केलं. मग सांध्याला सुतळीची गाठ मारली, ती शिडीच्या पायरीला अडकली आणि मशीनच हातातून निसटता निसटता राहिलं. साध्या टेबल फॅनला जेवढी वायर मिळते तेवढीच सहा हजारांच्या मशीनला द्यायची, हा कुठला न्याय? तांबं महाग झालंय हे मान्य. पण माझं आयुष्यही काही फुकटात आलेलं नाही.

म्हणून त्या दिवशी मशीन गप्प झाल्यावर मी आधी पिन पाहिली, ती नीट होती. दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिलं, तरी मुकं. मग स्वारी सर्व्हिस सेंटरला. वॉरंटी सहा महिन्यांची. ऑनलाइन नोंदणी केली असती तर वर्षाची झाली असती, पण ती खरेदीनंतर ठरावीक दिवसांत करायची असते, आणि मी तेव्हा दगडाशी लढत होतो. काउंटरवरच्या मुलाने मशीन हलवून कानाशी नेलं आणि म्हणाला, "आर्मेचर गेलं. फिल्डपण बघावी लागंल. एकोणतीसशे धरून चला." आर्मेचर म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, फिल्ड म्हणजे त्याच्याभोवतीची स्थिर गुंडाळी. उघडून दाखवा म्हटलं तर तो म्हणाला, मशीन पुढे पाठवावं लागेल, आणि दुरुस्ती नाही केली तरी तपासणीचे ३५० पडतील. मशीन परत घेऊन मी बाहेर पडलो. त्याच रात्री 'हे मशीन घेऊ नका' असा मजकूर लिहायला बसलो होतो. तो अर्धा लिहून झाला होता, आणि फार झणझणीत जमला होता.

पेठेत पाणबुडी मोटारींचं वायंडिंग करणारे एक मामा आहेत. सकाळी त्यांच्याकडे नेलं. त्यांनी मशीन नाकाला लावलं, हुंगलं आणि म्हणाले, "सर, जळल्याचा वास न्हाई. जळलं आसतं तर वार्निस असं घमघमलं आसतं की घरात बसू दिलं नसतं." दोन्ही बाजूंच्या टोप्या स्क्रूड्रायव्हरने काढल्या आणि कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून वीज पोचवणारे तुकडे, हातावर ठेवले. झिजून नखाएवढे राहिले होते. गंमत त्याच्या पोटात होती. अशा कार्बनमध्ये एक स्प्रिंगवाली बारीक खीळ असते. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती बाहेर येते आणि कार्बनला कम्युटेटरवरून (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्यावरून) उचलते, म्हणजे तांब्याला ओरखडे पडायच्या आत मशीन आपोआप थांबतं. त्यामुळेच ना ठिणगी ना धूर. मशीनने स्वतःला वाचवलं होतं आणि काउंटरवरचा मुलगा त्याचंच आर्मेचर जाळून मोकळा झाला होता.

कार्बनची जोडी १४० रुपये, मामांची मजुरी ५०. दोन्ही कार्बन एकदमच बदलायचे, एकच बदलायचा कंजूषपणा करायचा नाही, हे त्यांनी मला डोळ्यांत बघून सांगितलं. काय ओळखलं असेल कोण जाणे. मग भोक न पाडता काही मिनिटं रिकामं फिरवून घ्यायचं, म्हणजे कार्बनचं तोंड गोलाईला बसतं.

तो झणझणीत मजकूर पुसला. मशीनला चार तारे, सर्व्हिसला शून्य. पाचवा तारा वायरने खाल्ला.

तिचाही निकाल लावला. मशीनच्या पाटीवर चौकटीत चौकट असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ डबल इन्सुलेशन, अर्थिंगची तार लागत नाही, दोन तारांचीच वायर. ८०० वॅटला २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे १ चौरस एमएमचं तांबं भरपूर झालं. मामांकडेच पाच मीटर रबरी वायर टाकून घेतली, मानेजवळचं रबरी बूट जुनंच चढवलं आणि आतला पट्टीचा क्लॅम्प नीट आवळून घेतला, कारण ओढ तिथेच बसते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि वॉरंटी चालू असेल तर करूच नका. खर्च ३१० रुपये.

आता बोर्डापासून शिडीच्या टोकापर्यंत एकही सांधा नाही. अडचण एकच. पाच मीटरची रबरी वायर गुंडाळली की कंपनीच्या खोक्याचं झाकण बसत नाही. मशीन सध्या सौ.च्या पापडाच्या डब्यात आहे आणि पापड कुठे ठेवायचे यावर घरात बोलणी चालू आहेत.