खरेदी म्हणून गेलेला माल जांगड म्हणून परत आला

पुण्यात धायरी येथे मी स्त्रियांसाठी ट्रेकिंगच्या सॅक शिवून विकण्याचा व्यवसाय करते. बाजारात मिळणारी बहुतेक सॅक पुरुषाच्या पाठीच्या लांबीवर बेतलेली असते. त्यामुळे तिचा कमरेचा पट्टा बाईच्या कमरेच्या हाडावर न बसता पोटावर बसतो आणि दहा-बारा किलोंचे ओझे कमरेवर जाण्याऐवजी खांद्यांवर लोंबकळत राहते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर हे स्वतः भोगल्यानंतर मी छोट्या पाठीची, खांद्याचे पट्टे छातीच्या बाजूने वळवलेली आणि कमरपट्ट्यावर मोबाईल सहज बसेल असा खिसा असलेली सॅक तयार केली. माझ्याकडे चार शिलाई मशीन आणि तीन सहकारी आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मी २०२१ मध्येच केली होती, आणि पुढे जे घडले त्यात हाच एक कागद सर्वाधिक कामी आला.

डिसेंबर २०२३ मध्ये ट्रेकिंगच्या साहित्याची दुकाने चालवणाऱ्या एका साखळीकडून मला मेल आला. तिचे नाव मी येथे देणार नाही, कारण प्रकरण अद्याप मिटलेले नाही. महिला दिनाच्या निमित्ताने त्यांच्या सर्व दुकानांत ‘महिला उद्योजिकांचा कोपरा’ उभारायचा असून माझ्या सॅक त्यात हव्यात, असे त्यात म्हटले होते. सोबतच्या सादरीकरणात अमेरिकेतील आरईआय या सहकारी तत्त्वावरच्या दुकानसाखळीने २०१७ मध्ये गिर्यारोहण व भटकंती करणाऱ्या स्त्रियांसाठी राबवलेल्या मोहिमेचा गौरवाने उल्लेख होता आणि ‘आपणही भारतात असेच काही करू’ असा सूर होता. सहा वर्षे प्रदर्शनांत टेबल मांडून बसलेल्या माणसाला अशा मेलने काय वाटते, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. त्या आनंदात मी बारा पानांचा करार वाचला खरा, परंतु दराचे पान तीन वेळा आणि उरलेली अकरा पाने एकदाच वाचली.

मागणी १२० सॅकची होती, प्रत्येकी २,६०० रुपये दराने आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. एकूण बिल ३,६८,१६० रुपयांचे होते. कापड, चेन, बकल आणि फोम यांसाठी मी सोनेतारण कर्ज काढले. कराराच्या सातव्या पानावर, नुकसानभरपाई आणि न्यायक्षेत्र या दोन कलमांच्या मधे, ‘माल विक्रीअंती अथवा परतीच्या तत्त्वावर’ असे एक वाक्य होते. आपल्या बाजारपेठेत याला जांगड म्हणतात. दुकानदार माल ठेवून घेतो, विकला गेला तर पैसे देतो आणि न विकला गेल्यास परत करतो. पाटल्या जांगड आणून घरी दाखवण्याची पद्धत माझ्या आजीच्या काळीही होती, त्यामुळे शब्द मला अनोळखी नव्हता. वकिली भाषेत तो मला ओळखू आला नाही, इतकेच. मी विचारले असते तर कदाचित थांबले असते. मी खरोखर विचारलेला एकमेव प्रश्न पैसे कधी मिळतील हा होता, आणि त्यावर खरेदी विभागातील गृहस्थ म्हणाले, “मॅडम, हा फक्त फॉर्मॅट आहे, सगळ्यांना हाच जातो. पैशांची काळजी करू नका.”

येथे फसवणुकीचा मूळ धागा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. १० फेब्रुवारी २०२४ रोजी माल पाठवताना मी तो चलनावर, म्हणजे करबिलाऐवजी केवळ माल पाठवल्याच्या कागदावर, पाठवण्याची तयारी दाखवली होती, कारण परतीच्या बोलीवर दिलेल्या मालाचे करबिल विक्री होईपर्यंत, किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत, लांबवण्याची सोय जीएसटी कायद्यात आहे. त्यांनी मात्र पूर्ण करबिलाचा आग्रह धरला. मी बिल दिले, आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ५६,१६० रुपयांच्या कराची जबाबदारी माझ्यावर आली. कच्च्या मालावर भरलेला कर त्यातून वजा झाला, तरी उरलेली रक्कम एकही रुपया हाती आलेला नसताना मला भरावी लागली. त्याच बिलावर त्यांनी स्वतःच्या खात्यात कराचे क्रेडिट घेतले, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या करातून वजा केली. म्हणजे कर खात्यासमोर ती खरेदी होती आणि माझ्यासमोर जांगड. एकच माल, एकच कागद, आणि दोन्ही बाजूंचा लाभ एकाच पक्षाकडे.

८ मार्चचा कार्यक्रम थाटात झाला. फेटा बांधून माझे छायाचित्र काढण्यात आले, माझ्या प्रवासावर चित्रफीत तयार झाली. तत्पूर्वी ‘गुणवत्ता तपासणी’साठी त्यांनी दोन नमुने, कापडाचा तपशील आणि कागदी पॅटर्न मागवून घेतले होते. तेही मी दिले, कोणताही गुप्ततेचा करार न करता. आज विचार करता असे वाटते की त्यांना माझ्या सॅकपेक्षा फेट्यातील माझे छायाचित्र अधिक उपयोगाचे होते.

पैसे देण्याचे कायद्याने ठरलेले पंचेचाळीस दिवस उलटले, पावसाळा सुरू झाला. सह्याद्रीत सॅकची खरी विक्री जून ते सप्टेंबर या काळात होते, त्यामुळे मी धीर धरला. विचारणा केली की ‘अहवाल तयार होत आहे’ असे उत्तर मिळे. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला. विक्री ४१, परत ५३, ‘हाताळणीत खराब किंवा गहाळ’ २६. विकलेल्या ४१ सॅकचे करासह १,२५,७८८ रुपये होत होते, परंतु त्यातून सवलतीच्या सेलमधील माझा वाटा ३८,०००, छायाचित्रणाचा खर्च २७,०००, साठवण व संकेतस्थळ शुल्क २८,४०० आणि वाहतूक १६,००० अशा डेबिट नोटा, म्हणजे माझ्या नावे टाकलेले खर्च, वजा होऊन माझ्या हाती १६,३८८ रुपये येणार होते. ज्या महिला दिनाचे निमंत्रण त्यांनी दिले, त्या दिवशीच्या माझ्याच छायाचित्राचे पैसे माझ्याकडून घेतले गेले, हे वाचताना मला हसावे की रडावे ते कळेना.

परत आलेल्या ५३ सॅक आम्ही जमिनीवर मांडल्या, तेव्हा माझ्या सहकारी ताईंनी एक सॅक उलटी करून झटकली आणि तिच्यातून वाळलेली लाल माती पडली. आम्ही एकेक तपासू लागलो. ३१ सॅकच्या तळाला घासल्याच्या खुणा होत्या, पट्ट्यांना घामाचा वास होता, काहींच्या पावसाच्या कव्हरला चिखल होता. एका कमरपट्ट्याच्या खिशात बिस्किटाच्या कागदात गुंडाळलेले एसटीचे तिकीट मिळाले. स्वारगेट ते वेल्हे, जुलै २०२४, आणि महिलांसाठीच्या अर्ध्या दराचे. म्हणजे कोणीतरी मुलगी माझी सॅक घेऊन तोरण्याकडे गेली होती, त्या काळात, ज्या काळात अहवालानुसार ती सॅक दुकानाच्या कोपऱ्यात न विकली जाता पडून होती. त्या साखळीचा भाड्याने साहित्य देण्याचाही व्यवसाय आहे हे मला ठाऊक होते. माझ्या सॅक त्या भाड्याच्या खोलीत जातील हे सुचले नव्हते. (अशा तिकिटावरील अक्षरे उष्णतेने उमटवलेली असतात आणि काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी मी त्याची छायाप्रत काढली. असे काही सापडल्यास आपणही आधी ते करावे.) त्या मुलीला सॅक नीट बसली असावी अशी आशा आहे.

यानंतर मी एका वकील बाईंकडे गेले. त्यांनी १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम २४ समोर ठेवले. जांगड दिलेला माल घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा व्यवहार स्वीकारल्याचे दर्शवणारी अन्य कोणतीही कृती केली, किंवा परतीची मुदत उलटूनही माल ठेवून घेतला, तर मालकी त्याच्याकडे जाते आणि ती विक्री ठरते. आपल्या ताब्यातील माल भाड्याने देऊन त्यावर कमाई करणे ही स्वीकाराची कृती नव्हे तर दुसरे काय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आणि करबिलावर क्रेडिट घेणे ही दुसरी. ज्या वाक्याने मला अडकवले होते, त्याच वाक्यातून माझा मार्ग निघाला, याचे श्रेय मात्र माती झटकणाऱ्या ताईंना आहे.

दुसरा आधार २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे मानले जाते, करारात काहीही मुदत लिहिली तरी देणे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि नेल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी मधील नवी तरतूदही लागू झाली, जिच्यामुळे सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आपल्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येईनाशी झाली. मला दाट शंका आहे की अलीकडे अशा ‘भागीदारी’ करारांत जांगडीचे वाक्य वाढण्याचे एक कारण हेच असावे, कारण खरेदी झालीच नाही असे म्हटले की पंचेचाळीस दिवसांचे घड्याळ सुरूच होत नाही. समाधान या सरकारी संकेतस्थळावरून मी छोट्या उद्योगांच्या थकीत देण्यांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला असून सुनावणी सुरू आहे. नोटीस गेल्यानंतर ४१ सॅकचे पूर्ण पैसे कोणतीही वजावट न करता आले, यावरून डेबिट नोटांवर त्यांचा स्वतःचा किती विश्वास होता ते दिसते. उरलेल्या ७९ सॅकचा वाद कायम आहे.

एका गोष्टीत मात्र मला काहीच करता आले नाही. गेल्या हिवाळ्यात त्या साखळीने स्वतःच्या छापाची ‘स्त्रियांसाठी खास’ सॅक बाजारात आणली. खांद्याचे पट्टे तसेच वळवलेले, कमरपट्ट्यावरील खिसा त्याच जागी, त्याच तिरक्या शिलाईने, आणि किंमत माझ्यापेक्षा ९०० रुपयांनी कमी. डिझाइन कायदा वस्तूच्या रूपाला संरक्षण देतो, तिच्यामागील उपयोगाच्या युक्तीला नाही, आणि रूपाची नोंदणीही ती वस्तू लोकांसमोर येण्यापूर्वी करावी लागते. मी सॅक सहा वर्षे प्रदर्शनांत मांडून बसले होते. ट्रेडमार्क माझ्याकडे होता, परंतु त्यांनी माझे नाव घेतलेच नव्हते, खिसा घेतला होता. कागदी पॅटर्न पाठवण्यापूर्वी दोन पानांचा गुप्तता करार केला असता तर निदान भांडायला जागा राहिली असती.

गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरहून एका ताईंचा दूरध्वनी आला. त्या पावसाळी पोंचो शिवतात आणि त्यांनाही तोच मेल, तेच सादरीकरण, तोच ‘कोपरा’ आला होता. त्यांनी करार मला पाठवला. वाक्य आता सातव्याऐवजी नवव्या पानावर होते. आम्ही दोघींनी मिळून उत्तर लिहिले, त्यात एवढेच विचारले की ही खरेदी असल्यास बिलावर पैसे देण्याची तारीख लिहून द्याल का, आणि जांगड असल्यास माल चलनावर स्वीकाराल का. महिला दिन होऊन गेला, त्या कोपऱ्यात या वर्षी तीन नव्या जणींचे फेट्यातील फोटो लागले, आणि ताईंच्या मेलला उत्तर आलेले नाही.